जसे आले तसे : पोथीचा लहिया आणि भ्रमणध्वनीवरील संदेशवाहक

१

मराठी पोथीचे शेवटचे पान संहितेच्या अभ्यासकाला विशेष प्रिय असते. ग्रंथ संपलेला असतो, दंडांच्या मध्ये ‘छ’ हे अक्षर काढून लहियाने समाप्ती दाखवलेली असते, आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेत तो प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो. शक, संवत्सराचे नाव, मास, तिथी, वार, गाव, क्वचित ज्याच्या पठणासाठी पोथी लिहिली त्याचे नाव, आणि अखेरीस ‘हस्ताक्षर’ म्हणून स्वतःचे नाव. याच्या जोडीला पुष्कळदा एक संस्कृत श्लोक येतो. तो मराठी पोथ्यांपुरता मर्यादित नाही. गुजरातेतील जैन भांडारांपासून बंगालपर्यंतच्या हस्तलिखितांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. त्याचा आशय असा की, समोरचे पुस्तक जसे पाहिले तसे मी लिहिले आहे. ते शुद्ध असो वा अशुद्ध, त्याचा दोष मला देऊ नये.

अलीकडे या श्लोकाची आठवण मला जवळजवळ रोज होते. सकाळी भ्रमणध्वनी उघडला की नात्यातल्या मंडळींच्या, शाळासोबत्यांच्या, निवृत्त प्राध्यापकांच्या अशा निरनिराळ्या व्हॉट्सॲप-समूहांवर रात्रीतून जे मजकूर येऊन पडलेले असतात, त्यांपैकी काहींच्या आरंभी किंवा अखेरीस ‘जसे आले तसे पाठवत आहे’ अशी ओळ असते. ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ या इंग्रजी शब्दसमूहाचा तो अनुवाद आहे, हे उघड आहे. परंतु आपण एका फार जुन्या सूत्राचा पुनरुच्चार करीत आहोत, याची पाठवणाऱ्याला बहुधा कल्पना नसते.

दोन सूत्रांतील हे साम्य इतके मोहक आहे की त्यावर तत्काळ एक सिद्धान्त उभारावासा वाटतो. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथातून ‘दुय्यम मौखिकता’ ही संज्ञा सर्वत्र पोहोचवली. पुढे डेन्मार्कमधील लार्स ओले साउअरबर्ग आणि टॉमस पेटिट यांनी ‘गटेनबर्ग कंस’ ही कल्पना मांडली. तिच्यानुसार मुद्रणाची सुमारे पाच शतके म्हणजे मानवी संप्रेषणाच्या इतिहासात मध्येच उघडलेला एक कंस होय. इंटरनेटने तो मिटवला आणि आपण पुन्हा परिवर्तनशील, सामूहिक, कर्तृनिरपेक्ष संहितेच्या जगात आलो. मराठीच्या संदर्भात हा कंस मुळातच आखूड आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले, तेथून मोजले तरी तो दोन शतकांचा होतो. आणि ती दोन शतकेही कीर्तन, भारूड, पोवाडा व हस्तलिखित बाडे यांच्या सहवासातच गेली. तेव्हा ‘पुनरागमन’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा लागेल.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. पोथी आणि संदेश यांतील साम्य खरे आहे आणि ते तपशिलात पाहण्याजोगे आहे. परंतु लहियाचा ‘दोष देऊ नये’ हा श्लोक त्याच्या स्वतःच्या नावाशेजारी, तिथीशेजारी आणि गावाशेजारी उभा असतो. भ्रमणध्वनीवर श्लोक तेवढा शिल्लक राहिला आहे.

२

मराठी मजकूर कोणालाही नकलता येईल अशा स्वरूपात इंटरनेटवर येण्यास बराच काळ लागला, आणि या विलंबाचे कारण लिपी हे होते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ साली झाली. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. असे असूनही व्यवहारात पुढील दीड दशक आपण अक्षरांची चित्रेच वापरत होतो. प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा टंक वेगळा. तो आपल्या संगणकावर नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक रोमन चिन्हे दिसत. एका टंकातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की त्याचा अर्थ विरघळून जाई. म्हणून १९९० च्या दशकात परदेशस्थ मराठी माणसे एकमेकांना जे साहित्य पाठवत, ते रोमन लिपीत तरी असे किंवा छायाचित्राच्या रूपात. ‘मायबोली’सारखे १९९६ साली सुरू झालेले संकेतस्थळही आरंभीच्या काळात याच अडचणीतून वाट काढीत होते.

छायाचित्र हे एका अर्थाने शिळाप्रेससारखे आहे. त्याची प्रत निघते, पण प्रतीत ढवळाढवळ करता येत नाही. युनिकोड संगणकांवर स्थिरावले आणि त्यानंतर, साधारणपणे २०१० नंतरच्या काही वर्षांत, स्वस्त भ्रमणध्वनींच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटू लागली, तेव्हा मराठी वाचकाला प्रथमच मजकूर उचलता, तोडता, जोडता आणि बदलून पुढे पाठवता येऊ लागला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यावर विदासंचाराचे दर कोसळले, आणि वाचकवर्गाच्या सीमा अल्पावधीत बदलल्या. भारतात आपले ४० कोटींहून अधिक वापरकर्ते आहेत, असे व्हॉट्सॲपने २०१९ साली जाहीर केले होते. यांतले मराठी किती हे सांगणे कठीण. पण लेखन-वाचनाच्या इतिहासात इतक्या संख्येने माणसांच्या हाती लहियाचे काम यापूर्वी कधी आले नव्हते, एवढे निश्चित.

हे काम जो करतो त्याच्या हाताचे ठसे प्रतीवर उमटतातच. पाठसमीक्षेची सवय असलेल्याला ते चटकन दिसतात. व्हॉट्सॲपने २०१६ साली ठळक अक्षरांसाठी तारकाचिन्हांची सोय केली. तोच मजकूर अन्यत्र नेला की त्या तारका तशाच उघड्या राहतात, आणि हा पाठ कोणत्या माध्यमातून आला ते सांगतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्यापूर्वी ‘अ’ वर चंद्र चढवून काम भागवावे लागे, आणि आजही दोन्ही रूपे शेजारी शेजारी फिरताना दिसतात. जोडलेले हात, फुले आणि उगवता सूर्य यांची चिन्हे मजकुराच्या अखेरीस येतात, तेव्हा मला त्या दंडांमधल्या ‘छ’ ची आठवण होते. दीर्घ मजकूर पडद्यावर काही ओळींनंतर दुमडला जातो आणि ‘पुढे वाचा’ अशी सूचना येते. याचा एक परिणाम कोणी फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही. अभंगाची नाममुद्रा शेवटच्या चरणात असते. संदेशात मात्र शेवट दुमडलेला असल्यामुळे लेखकाचे नाव हळूहळू वर सरकत जाते आणि शीर्षकाच्या जागी येऊन बसते. नाव वाचूनच वाचक मजकूर उघडतो. नावाची ही नवी जागा त्याचे कार्यही बदलते.

३

पु. ल. देशपांडे २००० साली गेले, व. पु. काळे २००१ साली. कुसुमाग्रज त्याआधी, १९९९ साली. व्हॉट्सॲपचा जन्म २००९ चा. या तिघांच्या नावावर आज भ्रमणध्वनीवर जे साहित्य फिरते, ते त्यांच्या मुद्रित साहित्याशेजारी ठेवून पाहण्याचा उद्योग कोणीतरी करायला हवा. माझ्या नात्यातल्या एका समूहावर ‘पु. ल.’ या नावाने आलेल्या एका लेखात सासूबाई व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मी तसे निदर्शनास आणले, तेव्हा एका ज्येष्ठ आत्याबाईंनी उत्तर दिले, ‘अरे, पण आहे तर पुलंसारखंच ना!’ या उत्तरावर हसून पुढे जाणे सोपे होते. मी तसे केलेही. नंतर वाटले की, आत्याबाईंनी नकळत उत्तर भारतातील भक्तिकाव्याविषयीचा एक महत्त्वाचा सिद्धान्तच उच्चारला होता.

जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात असे दाखवले की, सूरदास, कबीर, रविदास यांच्या पदांतील नाममुद्रा कर्तृत्वाची नोंद करण्यापेक्षा अधिकाराची खूण म्हणून येते. पद ‘सूराचे’ आहे म्हणजे ते सूरदासाच्या प्रामाण्याखाली, त्याच्या वळणाने म्हटलेले आहे. मराठीत नामदेवाच्या बाबतीत क्रिस्तियान नोव्हेट्‌झ्के यांनी हा विचार पुढे नेला आणि अनेकांनी मिळून वाहिलेल्या कर्तृत्वाची कल्पना मांडली. विष्णुदास नामा आणि इतर ‘नामे’ ज्ञानदेवकालीन नामदेवापासून वेगळे काढता काढता आपल्याकडील संशोधकांच्या दोन पिढ्या थकल्या. गुरुग्रंथसाहिबात नामदेवाची ६१ पदे आहेत. त्यांचा मराठी गाथेतील अभंगांशी थेट पाठसंबंध जोडणे सोपे नाही, तरी पंजाबातल्या श्रद्धाळू मनाला ती नामदेवाचीच आहेत. तुकारामाच्या गाथेचेही तेच. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली निघालेली दोन भागांची गाथा आणि संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० साली छापलेला ‘अस्सल’ गाथा यांतला फरक पाहिला की, ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांनी किती हातांना सामावून घेतले असेल याची कल्पना येते.

तेव्हा आत्याबाईंच्या ‘पुलंसारखं’ या शब्दाला पूर्वपरंपरा आहे. हिंदीत हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर एक अत्यंत लोकप्रिय कविता वर्षानुवर्षे फिरत राहिली. ती सोहनलाल द्विवेदी यांची असल्याचे अखेर अमिताभ बच्चन यांना जाहीरपणे सांगावे लागले. उर्दूत गालिबच्या नावाने चालणाऱ्या शेरांची तर वेगळी गाथाच होईल. २०१९ साली राज्यसभेतील एका भाषणात असा एक शेर आला, आणि तो गालिबचा नव्हे हे जावेद अख्तर यांनी दाखवून दिले. प्रत्येक भाषेने आपल्या मध्यमवर्गीय स्मरणातील दोन-चार नावे निवडली आहेत आणि त्यांच्या खाली नवे लेखन आणून ठेवण्याचे काम अखंड चालू आहे. कोणत्या भाषेने कोणते नाव निवडले, हा तौलनिक अभ्यासाचा एक सुंदर विषय आहे. मराठीने विनोदकाराची आणि सुभाषितकार कथाकाराची निवड केली, उर्दूने शायराची. मर्ढेकरांच्या नावावर खोटी कविता फिरताना मी अजून पाहिलेली नाही. याचा अर्थ मर्ढेकर सुरक्षित आहेत असा घ्यायचा की विस्मृत आहेत असा, हे मला ठरवता येत नाही.

येथे माझी स्वतःची एक चूक नोंदवणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी व. पुं.चे म्हणून एक वाक्य उद्धृत केले. व्याख्यानानंतर एका श्रोत्याने अत्यंत नम्रपणे विचारले, ‘हे कोणत्या पुस्तकात?’ मी पुढचे दोन महिने शोधत होतो. ते वाक्य मला कोठेही मिळाले नाही. ते माझ्याकडे कोणी पाठवले हेही मला आठवेना; कारण तोवर भ्रमणध्वनी बदललेला होता आणि जुने संदेश नाहीसे झाले होते. साहित्याच्या अध्यापकाला लाजिरवाणे वाटावे असेच हे आहे. परंतु त्या शोधातून एक गोष्ट मला कळली. लेखक सापडला नाही, त्यापेक्षा ज्याच्याकडून वाक्य मला मिळाले तो माणूस सापडला नाही, ही अडचण मोठी होती. पुढला सगळा विचार त्या अडचणीतून सुरू झाला.

४

भक्तिपरंपरेशी तुलना करताना आणखी एक भेद नजरेआड होतो. ज्या अनाम कवीने स्वतःचा अभंग ‘तुका म्हणे’ असा संपवला, त्याने स्वतःचे नाव आपल्या हाताने बाजूला ठेवले. त्यामागे भक्ती असेल, विनय असेल, आपल्या शब्दांना श्रोता मिळावा अशी इच्छाही असेल. भ्रमणध्वनीवर नाव बहुधा दुसराच कोणी काढतो.

याचा फटका कोणाला बसतो ते पाहावे. नामांकित लेखकाच्या नावावर खोटा मजकूर चढतो, त्याची चर्चा होते. वारस किंवा चाहते खुलासा करतात. उलट, फेसबुकवर स्वतःच्या भिंतीवर लिहिणाऱ्या शेकडो बायका आज मराठीत आहेत. स्वयंपाकघर, सासर, नोकरी, आजारपण, आईचे म्हातारपण यांविषयी त्यांनी लिहिलेले अनेक तुकडे उत्तम गद्याचे नमुने आहेत. छापील साहित्याच्या दारात त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांना त्याची गरजही भासली नाही. त्यांचे लेखन चार-सहा दिवसांत नावाविना, ‘एका गृहिणीचे मनोगत’ अशा शीर्षकाखाली त्यांच्याच भ्रमणध्वनीवर परत येते. माझ्या परिचयातील एका लेखिकेला तिचाच लेख तिच्या सासूबाईंनी ‘बघ, किती छान लिहिलंय कोणीतरी’ म्हणून पाठवला. तिने तो आपला असल्याचे सांगितले नाही. का सांगितले नाही, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, ‘त्यात सासूविषयीही आहे.’

जनाबाईची आठवण येथे अपरिहार्य आहे. तिची मुद्रा ‘नामयाची जनी’ अशी, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या आश्रयाने आलेली, आणि तिचे अभंग छापले गेले तेही नामदेवाच्या गाथेच्या पोटात. तरी ती मुद्रा शेवटच्या चरणात छंदाच्या बंधनाने घट्ट बसलेली होती. ती काढली तर चरण मोडतो. गद्याला हे संरक्षण नाही. परिच्छेदाखालचे नाव एका बोटाने पुसता येते आणि मजकुराला काहीही होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्क दिलेला आहे. पण तो कोणापुढे बजावायचा? ज्याने नाव पुसले तो कोण, हे त्या लेखिकेला कधीच कळणार नाही, आणि ज्यांनी पुढे पाठवले त्यांनी तर जसे आले तसेच पाठवले.

५

आता लहियाकडे परत वळू. हस्तलिखितांच्या जगात पाठ बिघडत नसत असे कोणी म्हणणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठांतरांनी संहिता दूषित झाली होती म्हणूनच. त्या संशोधित प्रतीला त्यांनी जोडलेल्या ओव्यांत संवत्सर आहे, शक आहे, स्वतःचे नाव आहे. यापुढे यात कोणी आपली ओवी घुसडू नये असा इशाराही आहे, आणि तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होय असा दृष्टान्त आहे. संपादक स्वतःला पुढे करून, दिनांक घालून, जबाबदारी घेऊन उभा आहे. मराठीतील ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध पुष्पिका.

याहूनही मूलगामी उदाहरण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांच्या लीळा गोळा करण्याचे ठरवले, तेव्हा तो ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले अशा माणसांकडे गावोगाव गेला, त्यांच्याकडून ऐकले आणि ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळले. पुढे यादवसत्तेच्या अस्तकाळातील धामधुमीत मूळ संहिता हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली, आणि हिराइसा पाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ निर्माण झाले. या पाठांची नावे पाहण्यासारखी आहेत. ज्याच्या किंवा जिच्या स्मरणातून पाठ आला, त्या व्यक्तीचे किंवा मालिकेचे नाव पाठाला मिळाले आहे. लीळांमध्ये ‘शोधु’ म्हणून जी टिपणे येतात, त्यांत अमुकाच्या मते हा प्रसंग तमुक ठिकाणी घडला, असे मतभेद नोंदलेले असतात. ते एकमेकांत मिसळून एक गुळगुळीत कथा तयार करण्याचा मोह त्या संकलकांनी आवरला. बोललेल्या शब्दावर उभी असलेली संहिता विश्वासार्ह कशी ठेवावी, याचा हा मराठीतला पहिला पद्धतशीर विचार आहे. आपण तो पंथीय वाङ्मयाच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत.

म्हाइंभटाने जपली ती मधल्या माणसांची साखळी. कोणी पाहिले, कोणी सांगितले, कोणी पडताळले. व्हॉट्सॲपची रचना नेमकी या ठिकाणी उलटी आहे. संदेश पुढे ढकलला की तो ज्याच्याकडून आला त्याचे नाव मागे राहते. तिसऱ्या माणसाला फक्त दुसरा दिसतो. संदेशाबरोबर साखळी प्रवास करीत नाही. ‘फॉरवर्डेड’ अशी खूण जुलै २०१८ मध्ये आली, अनेकदा पुढे गेलेल्या मजकुरासाठी दुहेरी बाण २०१९ मध्ये. पण मजकूर उचलून नव्या संदेशात ठेवला की या खुणाही गळून पडतात आणि तो मजकूर पाठवणाऱ्याने आत्ताच लिहिला असावा असा दिसतो.

६

जुलै २०१८ हा महिना येथे योगायोगाने आलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात आलेल्या पाच जणांना मुले पळवणाऱ्या टोळीतले समजून जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या उन्हाळ्यात देशभर फिरत होते. त्यांबरोबर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतील एका सेवाभावी संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेल्या लघुपटातून कापलेली होती. मूळ लघुपटात शेवटी मोटारसायकलवरचा माणूस मूल परत आणून सोडतो आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतो. फिरणाऱ्या प्रतीत हा शेवटचा भाग नव्हता.

पाठसमीक्षेच्या भाषेत सांगायचे तर पुष्पिका कापलेली होती. मला या वाक्याची भीती वाटते, कारण पाच माणसांच्या मृत्यूला संज्ञा लावून त्याचा निबंध करणे सोपे आहे. तरीही ते लिहिणे भाग आहे. संहितेचा शेवट कापला जाणे हा ग्रंथालयाच्या तळघरातला किरकोळ प्रश्न आहे, अशी माझी पिढी समजत आली. आणि ती समजूत चुकीची होती.

आणखी एक गोष्ट आहे. डौर वाजवीत, नाथपंथाची गाणी म्हणत दारोदार भिक्षा मागणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. मौखिक परंपरा ज्यांच्या पायांनी गावोगाव गेली, त्यांतले हे लोक. दारात आलेला गोसावी अनोळखी असे, पण तो समोर उभा असे. त्याच्या वेषावरून, वाद्यावरून, बोलण्यावरून तो कोणत्या वाटेने आला हे गावाला वाचता येत असे. राईनपाड्यात माणूस समोर उभा होता. त्यांनी ओळखपत्रे दाखवल्याचेही तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. जमावाने विश्वास ठेवला तो समोर नसलेल्याने पाठवलेल्या मजकुरावर.

या आणि अशा हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. शासनाची वाट वेगळी होती. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना मजकुराचा ‘प्रथम प्रवर्तक’ ओळखता येईल अशी सोय ठेवण्यास सांगितले. संदेश पूर्णतः कूटबद्ध असल्यामुळे, आणि हे कूटलेखन २०१६ पासूनचे आहे, तसे करणे म्हणजे सर्वांचेच खाजगीपण मोडणे होय, अशी भूमिका घेऊन कंपनी त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कूटलेखन मोडण्याची सक्ती झाल्यास आपण भारतात राहणार नाही, असे तिच्या वकिलांनी २०२४ साली न्यायालयाला सांगितले.

‘प्रथम प्रवर्तक’ हा शब्द वाचताना पाठसमीक्षकाला संकोच वाटावा. सर्व प्रतींमागची मूळ प्रत शोधण्याचा एकोणिसाव्या शतकातला आमचा ध्यास आता गृहखात्याचा झाला आहे. भक्तिसंहितांच्या बाबतीत तो ध्यास निष्फळ ठरला हे आम्हीच पुढे मान्य केले. मूळ प्रत सापडली नाही, आणि सापडली असती तरी तिने थोडेच स्पष्ट केले असते. अर्थ घडत होता तो प्रतीकडून प्रतीकडे जाताना. राईनपाड्यापर्यंत पोहोचलेल्या अफवेचा पहिला उच्चार कोणी केला हे कळले, तरी ती ज्या हजारो हातांनी, मनापासून, मुलांच्या काळजीपोटी पुढे सरकवली त्यांच्याविषयी आपल्याला काहीच कळणार नाही. पहिल्या माणसाचा शोध घेणाऱ्या यंत्रणेने भलताच कोणी पकडला जाईल ही शक्यता तर आहेच. मला स्वतःला प्रवर्तकाच्या शोधापेक्षा म्हाइंभटाचा प्रश्न अधिक कामाचा वाटतो: तुम्हांला हे कोणी सांगितले, आणि त्याने ते कोठे पाहिले?

हा प्रश्न घेऊन येथल्या वर्गात आम्ही एक छोटा प्रयोग केला. त्याला अभ्यास म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वर्गात ओडिया, मलयाळम, हिंदी, बांगला आणि मराठी बोलणारे विद्यार्थी होते. आईच्या हातच्या शेवटच्या डब्याविषयीचा एक भावुक मजकूर त्यांच्यापैकी चौघांच्या घरच्या समूहांवर चार भाषांत आला होता. प्रत्येक भाषेत लेखक वेगळा, डब्यातला पदार्थ वेगळा. प्रत्येकाने आपल्याला तो कोणाकडून आला त्या व्यक्तीला दूरध्वनी करून विचारायचे, तिने सांगितलेल्या व्यक्तीला पुन्हा विचारायचे, आणि नावे लिहून काढायची, असे ठरले. मलयाळम साखळी दुसऱ्याच टप्प्यावर तुटली. त्या गृहस्थांना आपण असे काही पाठवल्याचे आठवत नव्हते. हिंदीतली तिसऱ्यावर थांबली, बांगलातलीही. मराठी साखळी सर्वांत लांब गेली. इंदूरची मावशी, तिची बडोद्याची नणंद, नणंदेच्या भजनी मंडळातील एक बाई, आणि त्या बाईंचे पुण्यातले व्याही. व्याह्यांनी समूहाचे नाव सांगितले, पण त्या समूहात दोनशेच्या वर माणसे होती आणि जुने संदेश त्यांनी जागा रिकामी करण्यासाठी पुसून टाकले होते. मात्र त्यांनी एक गोष्ट आपणहून सांगितली. मुळात डब्यात मेथीचे पराठे होते. ते त्यांना परके वाटले, म्हणून त्यांनी तेथे गूळपोळी घातली. विद्यार्थिनीने आपल्या वहीत व्याह्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहिली, व त्यापुढे कंसात ‘शोधु’ असे लिहिले.